सालिनासची मुलं आणि केसांची गोळी

पंचविशीत कपाळ मागे सरकायला लागलं, की घरात शाम्पू, बोअरचं पाणी, हेल्मेट, जागरणं असे सगळे संशयित उभे केले जातात. खरा माग मात्र १९४२ मध्येच लागला होता.

अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी वृषणं काढलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. वयात येण्याआधीच शस्त्रक्रिया झालेल्यांना टक्कल पडत नव्हतं. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस विरळ होऊ लागले. इंजेक्शनं थांबली तसं विरळ होणंही थांबलं, पण गेलेले केस परतले नाहीत.

टेस्टोस्टेरॉनच बंद करणं हा काही इलाज नव्हे. पुढचा धागा मिळाला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात. तिथली काही बाळं मुली समजून वाढवली जात आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं होई. जुलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये 'सायन्स'मध्ये कारण मांडलं: टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे अधिक प्रभावी संप्रेरक बनवणारं विकर या मुलांत जन्मतःच कमी होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राही आणि टक्कल पडत नसे.

मर्क कंपनीने हेच विकर अडवणारं फिनास्टराइड बनवलं. अमेरिकेत १९९२ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅमची, तर १९९७ मध्ये टकलासाठी १ मिलिग्रॅमची गोळी मान्य झाली.

डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं वाढतो, २-३ आठवड्यांत वाढ आवरती घेतो, तीनेक महिने विसावतो आणि गळतो. मग त्याच मुळातून नवा केस येतो. आनुवंशिक कल असलेल्या मुळांवर डीएचटीचा परिणाम झाला, की दर फेरीत वाढीचा काळ आखूड होतो आणि केस बारीक होत जातो. गोळी ही घसरण रोखते. फरक दिसायला काही महिने लागतात, आणि गोळी बंद केली की वर्षभरात कमावलेलं निघून जातं. तिचा 'कोर्स' कधी पूर्ण होत नाही.

गरोदर स्त्रियांनी फुटलेल्या गोळीला हातही लावू नये, असा इशारा तिच्या माहितीपत्रकात असतो. सालिनासची मुलं आठवली, की तो लगेच कळतो: गर्भातल्या मुलाचे जननेंद्रिय घडायला डीएचटी लागतं. काही पुरुषांची कामेच्छा कमी होते, हेही तिथेच लिहिलेलं असतं. गोळीला केस तेवढे ओळखता येत नाहीत. ते विकर शरीरात जिथे असेल तिथे ती अडवते. मित्राने पाठवलेल्या लिंकवरून ती मागवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला गाठायचं ते यासाठी.