दोन कंपन्या आणि माहीमचा सांधा

मी घाटकोपरची, नोकरी अंधेरीच्या एमआयडीसीत. मेट्रो येण्याआधी वाटा दोनच. एक, लोकलने खाली दादरला जायचं, पूल ओलांडून वेस्टर्नची गाडी पकडायची आणि पुन्हा वर अंधेरी गाठायची. दुसरी ३४० नंबरची बस, असल्फा, साकीनाका, मरोळ करत रडतखडत जाणारी. या वळशाचं मूळ दोन खासगी कंपन्यांच्या इतिहासात आहे.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. आजची घाटकोपर, मुलुंड ही स्टेशनं त्याच मार्गावरची. दुसरी कंपनी बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) गुजरातेतून येत १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोचली. अंधेरी, बोरिवली तिच्या वाट्याला. दोघींना आपापल्या मुलखातला कापूस बंदरावर आणायचा होता. साष्टी बेटाच्या पूर्वेकडच्या माणसाला पश्चिमेला जायचं असेल, याची दखल घेण्याचं दोघींना कारण नव्हतं.

तरी माहीमला त्यांचे रूळ जुळलेच. १९२५ मध्ये जीआयपीच्या हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला धावली आणि त्याच वर्षी माहीमवरून जाणाऱ्या व्हीटी–वांद्रे मार्गावरही वीज आली. वांद्रे स्टेशन बीबीसीआयचं! तिथे जीआयपीची गाडी जाऊ शकली, कारण दोघींचे रूळ साडेपाच फुटी होते. १९२८ मध्ये बीबीसीआयने कुलाबा ते बोरिवली विजेवर आणलं, तेही जीआयपीसारखंच १५०० व्होल्ट डीसीवर.

त्याच १९२८ मध्ये कुर्ल्यावरून अंधेरी ते ट्रॉम्बे अशी १३ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. साष्टीच्या दोन्ही बाजू जोडणारी ही गाडी जीआयपी चालवायची. १९३४ मध्ये ती बंद पडली, रूळ निघाले आणि त्या पट्ट्यात पुढे सांताक्रूझचा विमानतळ पसरला. उपनगरांच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं नुकसान, असं मी मानते. विमानतळ हवाच होता, पण रूळ वळवून न्यायला हवे होते.

प्रवाशासाठी रूळ बदलताही येतात. तोक्योत केइसेई या खासगी रेल्वे कंपनीने १९५९ मध्ये आपले १३७२ मिलिमीटरचे रूळ रुंदावून १४३५ केले. शहराच्या भुयारी रेल्वेत आपली गाडी थेट जावी, एवढ्यासाठी. १९६० च्या डिसेंबरपासून ती जाऊ लागली. प्रवाशाला जागेवरून उठावंही लागेना.

आमच्याकडे जीआयपी १९२५ मध्ये सरकारकडे गेली, बीबीसीआय १९४२ मध्ये, आणि १९५१ मध्ये त्यांच्या मध्य व पश्चिम रेल्वे झाल्या. घाटकोपर–दादर–अंधेरी असा एकच पास मिळायचा, ही मोठी सोय. दादरला मात्र फलाटांचे आकडे दोन्हीकडे एकपासूनच सुरू व्हायचे. ते सलग झाले २०२३ च्या डिसेंबरात.

८ जून २०१४ ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो आली, खासगी भागीदारीतून, ११.४ किलोमीटरची. १९३४ नंतर ऐंशी वर्षांनी पूर्व-पश्चिम गाडी! माझ्यासारखीच्या आयुष्यातले कितीतरी तास तिने परत दिले. पण तिचे रूळ १४३५ चे, लोकलचे १६७६ चे, म्हणून मुलुंडच्या माणसाला घाटकोपरला गाडी बदलावीच लागते. रूळ आता जुळायचे नाहीत. मुलुंड ते अंधेरी, लोकल आणि मेट्रो मिळून एकच मासिक पास तरी द्यायला हवा.