बंडीखालचं कुत्रं

बंडीखाली चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, बंडी आपणच ओढतो. ही म्हण आपल्याकडे कोणालाही विचारा, पाठ असते. फुकाचा मोठेपणा मिरवणाऱ्याला ती लावतात. पण ही म्हण करणारा माणूस कधी रात्रीच्या बंडीवर बसला नसावा, असं मला वाटतं. कुत्रं बंडी ओढत नव्हतं हे खरंच. पण बंडीतला माल सकाळी बाजारात पुरा पोचायचा, तो बराचसा त्याच्यामुळे.

मी उमरेडकडचा कास्तकार. आता पोराकडे नागपुरात, प्रताप नगरात राहतो, तरी वावरात येणं-जाणं आहेच. १९७० च्या आसपास वडील मिरचीची पोती घेऊन नागपूरला यायचे. पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता, म्हणजे वाटेत एक पडाव आलाच. दिवसा ऊन असलं की कुत्रं दोन चाकांच्या मधल्या सावलीत चालायचं. अंधार पडला की बाहेर निघून बैलांच्या पुढे.

पडाव म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. एक विहीर, बैलांसाठी हौद, दोन-चार चिंचेची झाडं, कडबा विकणारा एखादा माणूस, आणि भट्टी. भट्टी म्हणजे विटांची नव्हे बाप्पा, आमच्या इकडे देशी दारूच्या दुकानाला भट्टीच म्हणतात. माझे वडील माळकरी, थेंबाला शिवले नाहीत. पण पाणी तिथेच, कडबा तिथेच, म्हणून बंडीही तिथेच सुटायची.

भट्टीत गाडीवान शिरला की त्याच्या मागे त्याचं कुत्रं शिरायचं. कोणी हाड म्हणत नसे. ते दाराच्या उंबऱ्याशी बसायचं, जिथून आतला मालकही दिसेल आणि बाहेरचे बैलही. भट्टीवाली बाई फुटक्या कवेलूत पाणी ठेवायची, कोणाच्या पानातलं हाडूक, भाकरीचा तुकडा त्याच्यापुढे टाकायची. याला भूतदया म्हणा, पण त्यात हिशेबही होता. रात्री तिच्या अंगणात दहा-बारा बंड्या सुटलेल्या. पिऊन पडलेल्या माणसाची पोती चोरीला गेली तर दुसऱ्या खेपेला तो दुसरा पडाव धरणार. मालक शुद्धीवर नसला तरी बंडी शुद्धीवर असायची, ती कुत्र्यामुळे.

दारूनं घरं बुडाली, ती मी डोळ्यानं पाहिली आहेत. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली, ती बायांनी रेटली म्हणून आली. तेव्हा भट्टीचं गुणगान मला करायचं नाही. मी बोलतो आहे ते तिच्या उंबऱ्याबद्दल.

हा उंबरा फार जुना. रेल्वे यायच्या आधी आपल्या भागातला माल बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवर जायचा. वऱ्हाडचा, नागपूरचा कापूस थेट गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत, सुमारे पाचशे मैल, असाच जात होता. तांड्याबरोबर कुत्री असायचीच. बंजाऱ्याच्या कुत्र्याची पत एवढी, की त्याच्यावर सावकार कर्ज देई, असं सांगणारी कथाच आहे.

छत्तीसगडात बालोद जिल्ह्यात खापरी गावी कुकुरदेवाचं देऊळ आहे. हा मुलूख भोसल्यांच्या नागपूर राज्यात होता, १८६१ नंतर मध्य प्रांतातही होता, म्हणून ही कथा आपलीच. एका बंजाऱ्यानं अडचणीत आपलं कुत्रं सावकाराकडे गहाण ठेवलं. सावकाराकडे चोरी झाली, कुत्र्यानं लपवलेला माल दाखवून दिला. सावकार खूश झाला. कर्ज फिटलं अशी चिठ्ठी लिहून त्यानं कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळं केलं. कुत्रं परत येताना पाहून बंजाऱ्याला वाटलं, यानं आपला शब्द मोडला. त्यानं काठीनं त्याला मारून टाकलं, आणि मग चिठ्ठी पाहिली. त्या कुत्र्याचं हे देऊळ. कथा खरी असो नसो, कुत्र्याला गहाण ठेवता येतं ही कल्पना सुचायला कुत्रं कामाचं असावं लागतं.

अशीच एक गोष्ट पार विलायतेत वेल्स देशात सांगतात. आमच्या गावची एक पोरगी तिकडे नोकरीला आहे. तिथल्या एका बाजारगावातल्या जुन्या दारूच्या गुत्त्याचा फोटो तिनं पाठवला. टेबलाखाली कुत्रं झोपलेलं, शेजारी त्याच्यासाठी पाण्याचं भांडं. तिला नवल वाटलं, मला नाही. वेल्सचे ढोरवाले शेकडो मैल ढोरं हाकत लंडनकडच्या बाजारांत न्यायचे. सोबत ठेंगणी, चपळ कुत्री. ढोरं विकली की मालक कधी कामासाठी मागे राहायचा आणि कुत्र्याला एकट्यालाच घरी धाडायचा. कुत्रं आल्या वाटेनं, ओळखीच्या गुत्त्यांवर थांबत, खात-पीत घरी पोचायचं. पुढच्या खेपेला मालक प्रत्येक गुत्त्यावर त्याच्या खाण्याचे पैसे चुकते करी. म्हणजे कुत्र्याच्या नावावर उधारी!

दोन्हीकडे काम रेल्वेनं नेलं. नागपूरला १८६७ साली गाडी आली आणि तांड्यांचा लांबचा धंदा बसत गेला. वेल्समध्येही त्याच सुमारास ढोरं डब्यातून जाऊ लागली. आमच्या बंड्या जवळच्या वाटेवर आणखी शंभर वर्षं टिकल्या, मग ट्रक आले. वेल्समध्ये कुत्रं मालकाच्या घरी गेलं आणि त्याच्यासोबत गुत्त्यात येत राहिलं. आमच्याकडे मात्र बरीच कुत्री पडावावरच राहिली. भट्टीची झाली, चहाच्या ठेल्याची झाली, एसटी स्टँडची झाली. सगळे त्यांना ओळखतात, पण मालक कोणी नाही.

सरकारला हे मालक नसणं कधीच समजलं नाही. १८३२ साली मुंबईत बेवारस कुत्री मारायचा हुकूम निघाला, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की ज्याला खाऊ घालायचं त्यानं कुत्रं रीतसर दत्तक घ्यावं आणि आपल्या घरात घालावं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं दत्तक घ्यायच्या सक्तीला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, नसबंदी आणि लस करून कुत्रं जिथलं तिथे सोडा, खाणं मात्र ठरवून दिलेल्या जागीच. नोव्हेंबरात आणखी हुकूम आला: शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन इथली कुत्री उचला आणि तिथे परत सोडू नका.

शाळा-दवाखान्याचं मला पटतं. पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस आमच्या गावानं पाहिला आहे, त्या मरणासारखं मरण नाही. चावलं की लगेच साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि इंजेक्शनं पुरी घ्या, हे मी दिसेल त्याला सांगतो. पण स्टँड म्हणजे आजचा पडावच. जिथे त्याला पिढ्यान्‌पिढ्या बसवलं, नेमकं तिथूनच आता त्याला उठवायचं.

प्रताप नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चहाचा ठेला आहे. तिथल्या तांबड्या कुत्रीच्या कानाला नसबंदीची खूण आहे. पहाटे दूधवाले, पेपरवाले येतात तेव्हा ती त्यांच्या सायकलींपाशी बसते. शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी तक्रार केली, तशी ठेलेवाल्यानं पाण्याची वाटी उचलून आत ठेवली. आमच्या भागात खाऊ घालायची जागा कुठे ठरली, हे मी दोनदा विचारून आलो. अजून ठरायची आहे म्हणतात.