ओशिवरा नदीचे खोरे आणि वारली चित्रकलेची नैसर्गिक सामग्री : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

वारली चित्रकलेचा विचार बहुधा तिच्या आकृतींवरून केला जातो. त्रिकोणी देह, तारपा नृत्य आणि चौकातील पालघट देवी ही तिची ओळख ठरली आहे. तथापि, कलेचा इतिहास हा तिच्या सामग्रीचाही इतिहास असतो. गोरेगावच्या पूर्वेस आरेच्या टेकड्यांत ओशिवरा नदी उगम पावते व मालाडच्या खाडीस मिळते. तिच्या उगमाकडील भागात वारली समाजाचे पाडे आहेत. या भूभागातील बदलांच्या संदर्भात वारली कलेच्या सामग्रीचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सामग्रीचे स्वरूप

पारंपरिक वारली चित्र विवाहप्रसंगी घराच्या भिंतीवर रेखाटले जाई. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती व शेणाचे लिंपण, गेरूचा वा लाल मातीचा हात, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी एवढीच त्याची साधने होत. सवाशिणी चौक लिहीत आणि धवलेरी विवाहगीते गाई. यांपैकी कोणतीही वस्तू बाजारातून आणावी लागत नसे. कारवी व बांबू रानातून, भात खाचरातून, माती शेताच्या बांधावरून वा ओढ्याकाठून मिळे. म्हणजेच या कलेची सामग्री आणि नदीचे पाणलोट क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

खोऱ्यातील स्थित्यंतरे

1949 साली सुमारे 1287 हेक्टर क्षेत्रावर आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. 1977 मध्ये तिच्या लगत चित्रनगरी उभी राहिली. नदीच्या खालच्या अंगास गोठ्यांतील शेण, सांडपाणी व कारखान्यांचे पाणी प्रवाहात मिसळू लागले. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या महापुरानंतर मुंबईतील नद्यांच्या रुंदीकरणास व संरक्षक भिंतींच्या बांधकामास वेग आला. पुराच्या भीतीतून बांधलेल्या या भिंतींनी मातीचा काठ मात्र नाहीसा केला. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतील मिठी नदीलगतच्या जागेवर 2141 झाडे तोडण्यात आली.

दुसरीकडे, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनोपज गोळा करण्यास मनाई आहे. विकास आणि संरक्षण ही परस्परविरोधी धोरणे असली, तरी पाड्यावरील माणसाचा रानाशी असलेला संबंध दोहोंनी संकुचित केला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

भिंतीवरून कागदावर

सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरातील वारली चित्रांकडे शहरी कलाजगताचे लक्ष वेधले. गंजाडचे जिव्या सोमा माशे (1934–2018) यांनी ही कला कागद व कॅनव्हासवर आणली. त्यांच्या अनेक चित्रांत शेणाचा थर कायम राहिला, पांढऱ्या रेषेसाठी मात्र अ‍ॅक्रिलिक रंग आला. 1989 च्या पॅरिस येथील प्रदर्शनात माशे यांच्याबरोबर ब्रिटिश शिल्पकार रिचर्ड लाँग यांचाही सहभाग होता. 2003 मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे या दोघांचे संयुक्त प्रदर्शन भरले. लाँग एव्हन नदीचा चिखल हातांनी भिंतीवर लावून आकृती घडवितात. त्यांच्यासाठी नदीची माती ही व्यक्तिगत निवड आहे. सवाशिणीसाठी ती निवड नव्हती, तर ऋतू आणि स्थळ यांनी दिलेली सहज उपलब्धता होती. काठ नाहीसा झाल्यास लाँग दुसऱ्या नदीकडे जाऊ शकतात. पाड्यास तो पर्याय नाही.

समारोप

2014 मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. त्यामुळे नावाला व शैलीला संरक्षण मिळाले, सामग्रीच्या उगमाला नाही. आज वारली आकृती शहरातील भिंती, वस्त्रे व भेटवस्तूंवर सर्वत्र दिसते. आरेच्या आंदोलनातही तिचा वापर झाला. आकृतीचा प्रसार आणि सामग्रीचा ऱ्हास एकाच काळात घडले, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य होय. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला आहे. कारवी, बांबू आणि नदीकाठची माती यांपर्यंत पाड्याची वाट मोकळी राहिली, तरच वारली कलेचे जतन केवळ आकृतीपुरते मर्यादित राहणार नाही.