सोलानीवरील जलसेतू

उत्तर भारतात स्थायिक झालेल्या आम्हा मराठी मंडळींना हरिद्वारची वाट परिचयाची आहे. परंतु वाटेत रुडकी येथे दिसणाऱ्या गंगेच्या कालव्याकडे आम्ही क्वचितच थांबून पाहतो.

१८३७-३८ च्या दुष्काळात गंगा-यमुनेच्या दुआबात लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. त्या आपत्तीतून या कालव्याच्या योजनेस चालना मिळाली व १८४२ साली प्रॉबी कॉटली या अभियंत्याच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. गंगा बांधाने अडवली जाणार म्हणून हरिद्वारच्या पुरोहितांनी विरोध केला, तेव्हा कॉटलीने बांधात प्रवाहासाठी मोकळी वाट ठेवली, घाटांची दुरुस्ती अंगावर घेतली आणि श्रीगणेशाचे पूजन करून कार्यारंभ केला.

खरी कसोटी पुढेच होती. शिवालिकच्या डोंगरांतून उतरणारे ओढे कालव्याला आडवे येत. उन्हाळ्यात कोरडे, पावसाळ्यात अनावर. राणीपूर व पथरी येथील ओढे कालव्याच्या माथ्यावरून पलीकडे नेले. धनौरी येथे रतमाऊचा प्रवाह कालव्याच्याच पातळीवर येतो. तेथे दरवाजे बसवून पुराला बाहेर वाट दिली. रुडकीला मात्र सोलानी नदीचे खोरे सखल. म्हणून पन्नास फूट गाळ्याच्या पंधरा कमानींवरून कालवाच नदीच्या माथ्यावरून नेला.

या जलसेतूच्या दोन्ही अंगांना मातीचे प्रचंड भराव घालावे लागले. माती वाहण्यासाठी लोहमार्ग टाकला आणि डिसेंबर १८५१ मध्ये त्यावर वाफेचे इंजिन धावले. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी निघाली, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. परंतु तिच्याही आधी रुडकीचे इंजिन शेतीच्या पाण्यासाठी राबत होते, हेही स्मरणात असावे.

८ एप्रिल १८५४ रोजी कालव्यात पाणी सोडण्यात आले. याच कामाच्या गरजेतून १८४७ साली रुडकीत स्थापत्यशिक्षणाचे महाविद्यालय निघाले होते. तेच आजचे भारतीय प्रौद्योगिकी संस्थान होय.

जलसेतूजवळचे दगडी सिंह आजही प्रवाशांचे लक्ष वेधून घेतात. कॉटलीचे नाव इतिहासात राहिले; विटा भाजणाऱ्या, चुना मळणाऱ्या, माती वाहणाऱ्या हजारोंची नावे राहिली नाहीत. आडव्या आलेल्या प्रत्येक प्रवाहाला वाट देऊन तहानलेल्या शेतांपर्यंत पाणी पोचवण्याचे हे काम त्यांच्या हातांनी झाले. पुढील हरिद्वारयात्रेत रुडकीस घटकाभर थांबून त्या अनाम हातांना वंदन करावे, अशी मंडळाच्या सभासदांस आमची विनंती आहे.