हवेचा तळमजला

जमिनीलगतच्या हवेचा थर किती जाड असतो? प्रश्न पुस्तकी वाटतो खरा, पण चूल पेटवणाऱ्या बाईला त्याचं अर्धं उत्तर ठाऊक असतं. दुपारचा धूर वर निघून जातो. थंडीतल्या तिन्हीसांजेचा धूर गल्लीतच कोंडून राहतो. चूल तीच, लाकडंही तीच. बदलतो तो हा थर.

त्याच्या अभ्यासाची एक वाट समुद्रावरून आली, ह्याचं मला नवल वाटतं. १९१२ साली टायटॅनिक बुडाली. पुढच्याच वर्षी हिमनगांवर नजर ठेवायला 'स्कोशिया' जहाज उत्तर अटलांटिकमध्ये गेलं. त्यावर जी. आय. टेलर हा तरुण इंग्रज शास्त्रज्ञ होता. त्याने चक्क पतंग उडवून वेगवेगळ्या उंचीवरचं तापमान मोजलं. पाण्याचा गारवा हवेत किती वर चढला, ह्यावरून त्याने ताडलं, की हवेतले भोवरे उष्णता वरखाली नेतात.

१९४६ मध्ये रशियातल्या ओबुखोव्हने एक माप दिलं. जमिनीला घासून होणारी वाऱ्याची घुसळण कुठवर वरचढ ठरते आणि कुठून पुढे हवेच्या ऊन-गार असण्याचं राज्य सुरू होतं, हे त्यातून कळतं. १९५४ मध्ये मोनिनसह त्याने त्यावर सिद्धान्त उभा केला. १९६८ मध्ये अमेरिकेत, कॅन्ससच्या सपाट शेतात, ३२ मीटरच्या मनोऱ्यावर उपकरणं लावून तो पारखला गेला.

ढोबळ हिशेब सोपा आहे. जमिनीचा परिणाम जिथवर पोचतो, त्या हवेचा खालचा दहावा हिस्सा म्हणजे हा थर. उन्हाच्या दुपारी ती हवा किलोमीटरभर, म्हणून थर शंभरेक मीटर. निरभ्र, शांत रात्री मात्र जेमतेम दहा-वीस मीटर, कधी त्याहूनही कमी.

आम्हां इंदूरकरांना हा आकडा कोरडा वाटत नाही, कारण भोपाळ जवळच आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट सुटला. रात्र थंडीची, वारा मंद, त्यात वायू हवेपेक्षा जड. तो वर विरला नाही. झोपलेल्या वस्त्यांतून जमिनीलगत पसरत गेला. दोष हवेचा नव्हताच. पण रात्री हा थर पातळ होतो, हे पुस्तकांत तेव्हाही होतं. घराघरांत पोचलं नव्हतं.

म्हणून म्हणते, वस्तीशेजारी कारखाना येणार असेल, संध्याकाळी कचरा पेटवायचा असेल, तर आपण बायकांनीच विचारावं: रात्री इथली हवा किती उंच असते हो?