तर्खडकर भाषांतर पाठमाला

तर्खडकर भाषांतर पाठमाला ही मराठीभाषकांना भाषांतराच्या मार्गाने इंग्रजी शिकवणारी तीन भागांची पुस्तकमाला आहे. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर हे तिचे कर्ते. ब्रिटिश अमदानीत रचलेल्या या मालेने मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांच्या इंग्रजीचा पाया घातला.

पद्धत
शब्द, नियम आणि भाषांतरासाठी वाक्ये अशी पाठांची मांडणी असते. शब्द सुटा पाठ न करता वाक्यात योजणे हे या पद्धतीचे मर्म होय.

क्रियापदे
या पद्धतीचा उपयोग क्रियापदांच्या अभ्यासात विशेष जाणवतो. ‘मला आठवते’ यातील ‘मला’ चतुर्थीत आहे. इंग्रजीत मात्र ‘आय रिमेंबर’ असा कर्ता प्रथमेत येतो. मराठीत फोटो, विहिरीचे पाणी आणि गाईचे दूध ही तिन्ही ‘काढली’ जातात. इंग्रजीत त्यांसाठी अनुक्रमे ‘टेक’, ‘ड्रॉ’ आणि ‘मिल्क’ ही क्रियापदे लागतात. उलट ‘पुट’ म्हणजे ठेवणे. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे. केवळ कोशातील अर्थ पाठ करणारा विद्यार्थी येथे अडखळतो.

मर्यादा
भाषांतरपद्धतीत उच्चार व संभाषण यांना वाव कमी असतो. महाराष्ट्रात इ.स. २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरी वाक्यरचनेच्या सरावासाठी ही पद्धत आजही उपयुक्त आहे.