जादू आकड्यात नाही

केंद्रकात २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ प्रोटॉन वा न्यूट्रॉन जमले की कवच पूर्ण भरते, केंद्रक गोल आणि विशेष स्थिर होते, आणि हा नियम सर्व केंद्रकांना लागू आहे, असे आपण शिकतो व शिकवतो. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. १९४९मध्ये मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सेन यांनी या ‘जादुई संख्यां’ची उपपत्ती दिली, १९६३मध्ये त्यांना नोबेल मिळाले. स्थिर केंद्रकांपुरता नियम खराच आहे. माझा आक्षेप ‘सर्व’ या शब्दाला आहे.

सिलिकॉन-३४मध्ये २० न्यूट्रॉन आहेत. २ फिरकीच्या पहिल्या उत्तेजित अवस्थेत जायला त्याला सुमारे ३.३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. जादुई केंद्रकाला शोभेल असेच हे आहे. यातून दोनच प्रोटॉन वजा केले की मॅग्नेशिअम-३२ उरते. न्यूट्रॉन तेच २०. पण १९७९मध्ये सर्नमध्ये सोडिअम-३२च्या बीटा क्षयातून त्याच्या तशाच अवस्थेची गॅमा रेषा मिळाली, ती अवघ्या ८८५ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टची!

एका खालच्या पातळीवरून आकार ठरत नाही, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर १९९५मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत मिळाले. मॅग्नेशिअम-३२चा झोत शिशाच्या पत्र्यावर सोडून त्याच गॅमा किरणांची मोजणी झाली. शिशाच्या विद्युतक्षेत्रात केंद्रक इतक्या सहज उत्तेजित होत होते, की ते गोल नसून चांगलेच लांबुळके आहे, हे मान्य करावे लागले.

कारण उघड आहे. न्यूट्रॉनांच्या पातळ्या प्रोटॉनांच्या ओढीनेही ठरतात. ते दोन प्रोटॉन गेले की ओढ सैल पडते, २०वरची ऊर्जापातळ्यांमधली दरी अरुंद होते. न्यूट्रॉन ती ओलांडतात, आणि आकार बदलून केंद्रक ऊर्जा वाचवते.

‘हा अपवाद आहे’ म्हणूनही सुटका नाही. सिलिकॉन-४२मध्ये २८ची जादू अशीच मावळते. उलट कॅल्शिअम-५४मध्ये, यादीत नसलेल्या ३४ न्यूट्रॉनांपाशी, २०१३मध्ये रिकेनलाच नवी दरी दिसली. आणि निकेल-७८मध्ये २८ प्रोटॉन व ५० न्यूट्रॉन यांची जुनी जादू शाबूत असल्याचे २०१९मध्ये दिसून आले. म्हणून संख्या टाकून द्यायच्या नाहीत. त्यांच्यासोबत अट शिकवायची आहे. वीस न्यूट्रॉन जादुई आहेत का, याचे उत्तर शेजारी किती प्रोटॉन आहेत हे विचारल्याशिवाय देता येत नाही.